गिअर कव्हराचा जीर्णोद्धार : वऱ्हाडी पद्धती

मोटारीच्या गिअरच्या दांड्याभोवती खाली रुंद आणि वर निमुळते होत गेलेले जे चुणीदार आवरण असते, त्यास गिअर कव्हर म्हणतात, आणि ते बहुधा रेग्झीनचे, म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर चढवलेल्या कृत्रिम चामड्याचे असते. या थराला मऊपणा देणारी द्रव्ये उष्णतेने हळूहळू उडून जातात. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे गेला असता काचा लावून उन्हात उभ्या ठेवलेल्या गाडीत ही क्रिया विशेष उत्साहाने चालते, आणि कव्हर आधी ताठरते, मग घडीवर तडकते व अखेर त्याच्या खपल्या चालकाच्या पँटीवर स्थलांतर करतात.

या व्याधीच्या पहिल्या अवस्थेत मालकास चीर दिसत नाही, दुसरीत तिच्यावर चिकटपट्टी येते आणि तिसरीत दांड्याला दुपट्टा गुंडाळला जातो; ही तिसरी अवस्था गाडी विकेपर्यंत टिकते. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना यांदरम्यान ७५ किलोमीटरच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण होऊन त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच रस्त्याने धावणाऱ्या गाडीतील वीतभर रेग्झीनचा निर्णय मात्र दिवाळीवर, तेथून कापूस विकण्यावर आणि तेथून भाव वाढण्यावर ढकलला जातो.

प्रत्यक्ष कृतीसाठी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून व हँडब्रेक ओढून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा. दांड्यावरची मूठ, म्हणजे नॉब, पुष्कळ गाड्यांत घड्याळाच्या उलट दिशेने फिरवल्यास निघते, काहींत ती नुसती दाबून बसवलेली असते. या दुसऱ्या प्रकारात वाकून जोर लावू नये, कारण ती निघते तेव्हा एकदम निघते आणि तिच्या मार्गात हनुवटी असते. कव्हराची खालची चौकट खटक्यांवर बसलेली असल्याने ती प्लास्टिकच्या पट्टीने उचकटावी. पेचकसाने केलेली उचकटणूक कायमची दिसते. जुने कव्हर फेकू नये, त्याची शिवण उसवून तुकडे सपाट केले की नव्याच्या कापणीचा नमुना आयता मिळतो. खालचे रबरी झाकण धूळ व आवाज अडवते, म्हणून त्यास हात लावू नये.

या टप्प्यावर शेजारी जमतात आणि “कायले एवढा कुटाना करून राह्यला बे?” असा प्रश्न येतो. कुटाना म्हणजे नसती उठाठेव. उत्तर अपेक्षित नसते, प्रश्नकर्त्यास मूठ धरायला द्यावी.

नवे कव्हर शिवून बसवल्यावर शेवटी रिव्हर्ससह सर्व गिअर टाकून पाहावेत, आणि कव्हर ताणले जाऊन दांडा मागे ओढत असेल तर ते आखूड झाले असे समजून पुन्हा शिवावे. पांढऱ्या रेग्झीनचा मोह मात्र टाळावा. काळ्या मातीच्या मुलखात ते पेरणीपर्यंतही पांढरे राहत नाही.