आंबटशौकीन

मराठीत 'आंबटशौकीन' हा शब्द ज्यांच्यासाठी राखून ठेवलाय ती मंडळी वेगळी. रात्री तमाशाच्या पहिल्या रांगेत बसायचं आणि सकाळी पारावर तरुण पिढी बिघडल्याचं सांगायचं, अशी. आमचे काकाजी त्यातले नव्हेत. ते अक्षरशः आंबटशौकीन आहेत. आणि गंमत अशी की पहिल्या रांगेतल्या कोणाचीही झाली नाही एवढी बदनामी सुलतानपुरात त्यांची झाली.

सुलतानपूर म्हणजे मेहकरहून सिंदखेडराजाला जाताना लागतं ते. लोणारला जायचं तर इथूनच वळायचं. काकाजींनी तलाठी म्हणून उभी नोकरी जिल्ह्यात काढली, निवृत्त झाल्यावर सोयाबीन-तुरीचं शेत मुलाच्या हवाली केलं आणि स्वतःकडे एकच खातं ठेवलं, आंबटाचं. लग्नाच्या पंगतीत कढीचा एक भुरका मारून ते डोळे मिटतात. वाढपी थबकतो, आचारी पडद्याआडून डोकावतो. "ताक परवाचं हाये," काकाजी निकाल देतात, "पण बाई हुशार हाये, बेसनानं झाकलं." चिंचेचा कोळ चाखून ती कोणाच्या बांधावरच्या झाडाची, ते सांगतात. कवठ घेताना तर बाजारात गर्दी जमते. हे गृहस्थ एकेक कवठ हातभर उंचीवरून जमिनीवर टाकून पाहतात. उसळलं की कच्चं, गप बसलं की पिकलं. कवठवाल्याचा जीव खालीवर होतो तो वेगळाच.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाच्या केकवरची लाल चेरी तोंडात टाकून काकाजी म्हणाले होते, "हे तं करवंद हाये." सगळं घर हसलं. सुनेच्या माहेरचे जरा जास्तच हसले. पण आपल्याकडच्या केकवर, पानात, आइस्क्रीमवर जी 'चेरी' असते ती बहुतेक वेळा खरोखरच करवंद असते. बी काढून, साखरेच्या पाकात मुरवून, लाल रंगवलेलं. हे पुढे कोणीतरी छापील दाखवलं, तेव्हा काकाजींनी तो कागद व्याह्यांना पोस्टाने पाठवला. रजिस्टर्ड.

तर अशा माणसाकडे त्यांचा भाचा बेल्जियमहून दोन बाटल्या घेऊन आला. पोरगा लूव्हनला संशोधन करतो. मामांना काय न्यावं याचा त्याने बराच विचार केला होता. चॉकलेट गोड, म्हणून बाद. शेवटी त्याने आणली बिअर, आणि तीही आंबट. रुसलारे गावातल्या रोडेनबाख या 1821 सालच्या कारखान्यात होणारी, ओकच्या लाकडी पिंपात दोन-दोन वर्षं मुरवलेली, वर आंबट चेऱ्या घातलेली.

काकाजी आयुष्यात कधी दारूला शिवले नव्हते. पण 'आंबट' आणि 'मुरवलेली' हे दोन शब्द त्यांच्या कानात शिरले आणि बाहेर येईनात. रात्री जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "यात दारू किती?"

"साडेपाच टक्क्यांच्या आसपास, मामाजी."

"म्हणजे साडेचौऱ्याण्णव टक्के लोणचंच ना?"

हा हिशेब काकूंना पटला नाही. काकाजींमधल्या तलाठ्यालाही पटेना, पण त्याचं दुखणं वेगळं होतं: कागद कुठाय? आपल्या राज्यात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली दारू प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं आणि पाळणारे तर मी पाहिलेच नव्हते. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो, आजीवन हजारात. काकाजींनी आजीवन काढला. एक दिवसाच्या कागदावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. परवाना हातात पडेपर्यंत बाटल्या लोखंडी कपाटात, जुन्या दप्तराच्या लाल फडक्यात. "मुरू दे," ते म्हणाले. बाटली आणि फाईल, दोन्हींबद्दल.

परवाना आला. कायद्याच्या भाषेत तो अर्जदाराला स्वतःची प्रकृती राखण्यासाठी दिलेला असतो. काकू म्हणाल्या, "तब्येतीले ताक पुरे होतं."

तोवर बातमी पारावर पोचली होती. 'तलाठी साहेब या वयात आंबटशौकीन झाले' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला कदाचित बिअरच म्हणायची असेल. ऐकणाऱ्यांनी आपापल्या आवडीचा अर्थ घेतला. एकाने तर मेहकरच्या बसमध्ये त्यांना कोणाबरोबर तरी पाहिलंही होतं. काकाजींना राहवेना. त्यांनी परवाना लॅमिनेट करून घेतला आणि पारावर जाऊन सगळ्यांना दाखवला. इतके दिवस ती नुसती अफवा होती. आता तिच्यावर सरकारी शिक्का बसला.

बाटली उघडली ती मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, गच्चीवर. मी मुद्दाम पुण्याहून गेलो होतो. पुण्यात 2009 साली मायक्रोब्रुअरी निघाली, आणि तेव्हापासून आम्ही पुणेकर बिअरबद्दलही इतरांना चार गोष्टी सांगायला मोकळे झालो आहोत. पण त्या दिवशी मला कोणी बोलू दिलं नाही. भाच्याने सांगितलं होतं, फार गार नको, दहा-बारा अंशांवर ठेवा. काकाजींनी थोडा वेळ फ्रिजमध्ये आणि मग माठाच्या पाण्यात, असा सुवर्णमध्य काढला होता. स्टीलचा पेला बाद ठरला. सरबताच्या सेटमधला फुलांचा ग्लास निघाला.

रंग उतरला तांबूस-तपकिरी, वर फिकट गुलाबी फेस. काकाजी ग्लासाकडे पाहतच राहिले. "सरोवर असंच झालं होतं," ते म्हणाले. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हाची गोष्ट. तेव्हा गावात कोणी शाप म्हणालं, कोणी प्रदूषण. शेवटी पुण्याच्या आघारकर संस्थेने त्यात खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडल्याचं सांगितलं. भाचा म्हणाला, इथेही तेच कारागीर, फक्त दुसऱ्या जातीचे. लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या वर, याचा साडेतीनच्या आतबाहेर.

"म्हणजे तिकडं खार, इकडं आंबट," काकाजी म्हणाले. "एकत्र केलं तं सोडा होईल."

मग भाच्याने पिंपांचं वर्णन सुरू केलं. कारखान्यात ओकची 294 उभी पिंपं आहेत, पुरुषभर उंचीच्याही वर जाणारी. आंबवणारे जंतू लाकडाच्या छिद्रांतच वस्ती करून असतात.

काकूंनी इतक्या वेळात पहिल्यांदा मान वर केली. "दह्याचं गाडगं," त्या म्हणाल्या. "विरजण मातीतच राह्यते." आणि पुन्हा तूर निवडू लागल्या.

चेरीच्या बिअरचं नावही भाच्याने सांगितलं, अलेक्झांडर. रोडेनबाख घराण्यातला हा पुरुष 1786 साली जन्मला, लहानपणीच दृष्टी गेली, तरी बेल्जियमच्या स्वातंत्र्याच्या राजकारणात वावरला. त्याच्या जन्माच्या दोनशेव्या वर्षाला ही बिअर पहिल्यांदा निघाली. काकाजी एकदम सावरून बसले. "आंधळा माणूस? मंग चव खरी असंल."

आणि त्यांनी घोट घेतला.

डोळे मिटले. गाल आत गेले. उजवा कान हलला. तो फक्त पहिल्या कैरीला हलतो. आम्ही श्वास रोखून बसलो. जाणकार लोक असल्या बिअरचं वर्णन करताना काय काय म्हणतात ते भाच्याने पाठ केलं होतं. ब्रुसेल्सकडच्या आंबट बिअरला तर घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा वास येतो असं कौतुकाने म्हणतात. त्याने तोंड उघडलं, पण काकाजींनी हात वर केला.

"आधी कवठ," ते म्हणाले. "पिकलेलं, न उसळणारं." दुसरा घोट. "मंग जुनी चिंच, दोन उन्हाळ्यांची." तिसरा. "आन् शेवटी, देवळीतल्या लाकडी पेटीत ठेवलेलं सुकं बोर." बराच वेळ थांबून त्यांनी भाच्याकडे पाहिलं. "आन् पोरा, हे करवंद नाही. ही खरी चेरी हाये. तुह्या मामीच्या व्याह्यांले कळव."

घोंगडीचं नाव कोणी काढलं नाही.

काकूंनी हो-नाही करत अर्धा चमचा जिभेवर घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाल्या, "गूळ कमी पडला."

काकाजी त्या संध्याकाळी अर्धा ग्लास प्यायले. उरलेली बिअर आम्ही दोघांनी संपवली. रिकाम्या बाटलीत आता चिंचेचा कोळ आहे. दुसरी बाटली लाल फडक्यात, लोखंडी कपाटात आहे. फडक्याला टाचलेल्या चिठ्ठीवर काकाजींच्या मोडी वळणाच्या अक्षरात सातबाऱ्यासारखी नोंद आहे. भोगवटादाराचे नाव: स्वतः. आणि 'इतर अधिकार' या रकान्यात: कपाटाची चावी, सौ. यांचे कमरेस.