सोवळ्यातली बिअर

घरी बिअर करणाऱ्याचा निम्मा वेळ भांडी घासण्यात जातो, हे कुठल्याही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दिसत नाही. तिथं फेसाळता पेला असतो. मोरी नसते.

आम्ही राहतो ऑरेगनमधल्या पोर्टलंडला. इथं शेजारीपाजारी गॅरेजात बिअर शिजवतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. कायद्यालाही नाही. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मोकळीक मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती राहिलेली गोष्ट निस्तरायला १९७८ साल उजाडलं. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि घरात दोन प्रौढ माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर बिअर बिनकराची करायची मुभा मिळाली. हा आकडा वाचल्यापासून आमचा कोटा दरसाल फुकट जातोय, ही नवऱ्याची तक्रार होती.

त्याचा बेत साधा होता. मॉल्टचा घट्ट पाक डब्यात तयार मिळतो. तो पाण्यात कालवायचा, उकळायचा, यीस्ट घालायचं, झालं. हा बेत सासूबाईंनी मोडला. त्या उन्हाळ्यापुरत्या साताऱ्याहून आल्या होत्या आणि त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून तो डबा आम्ही कपाटात मागे सारला होता. सासूच्या नजरेपासून कपाटात काही लपतं हा समज तरुण जोडप्यांमध्ये असतो. आम्ही तरुणही नव्हतो. डबा सापडला. पण आक्षेप भलताच निघाला.

"विकतचा पाक कशाला? जवच ना? भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. नाचणीच्या सत्त्वाला आम्ही वेगळं काय करतो?"

सासूबाई निवृत्त विज्ञानशिक्षिका. त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही, कारण ते बहुधा बरोबर असतं. धान्याला मोड आला की स्टार्चची साखर करणारी विकरं त्यात तयार होतात. बिअरवाले पुढे त्यांनाच कामाला लावतात. मोड आणून वाळवलेले जव इथं किलोवर मिळतात असं कळल्यावर मोड आणण्याचा हट्ट त्यांनी सोडला, पण भरड स्वतः तपासली. टरफल शाबूत हवं, तेच पुढे गाळणी होतं; पीठ झालं तर चिखल. भाजणीची जाडी बोटांनी ओळखणाऱ्या बाईला हे शिकवावं लागलं नाही.

पातेल्यावरून मात्र तंटा झाला. घरातलं एकच पातेलं पुरेसं मोठं, आणि त्यात गणपतीचा मसालेभात होतो. "त्याला हात लावायचा नाही," एवढं एकच वाक्य. नवं पातेलं आलं.

एक किलो भरड, तीन लिटर पाणी. पाणी साधारण ७२ अंशांवर असताना भरड सोडली की मिश्रण ६६च्या आसपास स्थिरावतं, आणि तिथं ते तासभर राहायला हवं. खाली घसरलं तर बिअर पातळ आणि कोरडी, वर चढलं तर गोडसर आणि जड. नवरा थर्मामीटर घेऊन उभा होता. अधूनमधून आकडा वाचून दाखवणं हे त्याने स्वतःकडे घेतलेलं काम. सासूबाईंनी पातेल्याला गोधडी गुंडाळली आणि त्याला खुर्ची दिली.

तासाभराने त्यांनी आयोडीन मागितलं. बशीत चार थेंब रस, वर एक थेंब आयोडीन. निळं-काळं झालं तर स्टार्च शिल्लक, तपकिरीच राहिलं तर सगळ्याची साखर झाली. शाळेत बटाट्याच्या फोडीवर सातारच्या पोरांना हेच दाखवण्यात त्यांची हयात गेली. रंग तपकिरी राहिला. बाईंनी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले असावेत.

मग गाळणं, वरून गरम पाणी सोडून उरली साखर धुऊन घेणं, आणि पाचेक लिटर गोड, तांबूस रस. त्याची वाटी सासूबाईंनी चाखली, पुन्हा भरून घेतली आणि म्हणाल्या, "इथंच थांबा की रे. चांगली वस्तू कशाला नासवता?"

विचार करण्याजोगी सूचना होती. नवऱ्याने घाईघाईने गॅस मोठा केला.

उकळी तासभर. कडवटपणासाठी हॉप्स आरंभी, वासासाठी शेवटी. आम्ही कॅस्केड जातीचे घेतले. ते इथलेच, ऑरेगनच्या कॉर्व्हालिसमध्ये पैदास झालेले, १९७२ साली शेतकऱ्यांच्या हाती आले. हॉप्स आणि गांजा एकाच कुळातले, ही माहिती नवरा मला कुजबुजत सांगत होता, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "कॅनाबेसी."

इथवर स्वच्छतेची फार फिकीर नसते, उकळी सगळं मारते. रस गार झाला की मात्र सोवळं सुरू. बुधला, नरसाळं, नळी, बूच, सगळं जंतुनाशकात बुडवायचं आणि मग कशालाही शिवू द्यायचं नाही. त्या द्रावणाचा फेस धुवायचा नसतो, हे पटायला सासूबाईंना वेळ लागला. पण एकदा पटल्यावर त्यांनी जो अंमल बसवला तो त्यांच्या आजेसासूंना साधला नसता. नवऱ्याने गोडी बघायला बोट पुढे केलं. "शिवू नकोस!" तो दचकून दोन पावलं मागे सरला. लुई पाश्चरने १८७६ साली बिअर का बिघडते यावर आख्खा ग्रंथ लिहिला. त्याला आमच्या ओट्याजवळ उभं राहायची परवानगी मिळाली असती, हात धुऊन. माझं मत विचाराल तर सोवळ्याने माणसांना दूर ठेवण्यात पिढ्या घालवल्या, त्याचं खरं काम जंतूंना दूर ठेवण्याचं होतं.

मग यीस्ट. १५१६च्या बव्हेरियाच्या कायद्याने बिअरमध्ये फक्त जव, हॉप्स आणि पाणी चालेल असं बजावलं. यीस्टचा उल्लेखच नाही; ते जिवंत असतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. "सगळं करते ती, आणि यादीत नाव नाही," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. नवरा बुधल्याकडे पाहत राहिला.

घरातली सगळ्यात थंड खोली सासूबाईंची, म्हणून बुधला त्यांच्या कपाटात गेला. रात्रभर बुडबुड. सकाळी चहाबरोबर बुडबुड्यांचा वेग कळे. तो थांबल्यावर घनतामापक बुडवला: आरंभी १.०५०, आता १.०१०. फरकाला १३१ने गुणून त्यांनी तोंडी सांगितलं, "सव्वापाच टक्के." बाटल्यांत भरताना चार लिटरला २५ ग्रॅम साखर घालतात, म्हणजे बुचाखाली वायू धरतो. नवऱ्याला अजून हवी होती. जास्त साखरेने बाटल्या फुटतात, एवढं ऐकल्यावर सासूबाईंनी साखरेचा डबा आपल्या ताब्यात घेतला.

चोथ्याची थालीपिठं झाली. कांदा आणि तिखट सढळ घातलं तर लागतात बरी, टरफल मात्र दातात येतं.

बिअर चांगली झाली. सासूबाईंनी वास घेतला, चमचाभर जिभेवर ठेवली आणि "काढा बरा" असा शेरा देऊन पेला परत केला.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एक विनंती: हे वाचून जव भिजत घालू नका. तिकडे १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि बिनपरवाना बिअर करणं गुन्हा आहे. नाचणीच्या आंबिलीला परवाना लागत नाही.