मिरजेतला मुका

आमच्या गावात सुरांना तोटा नाही. सतारमेकर गल्लीतून नुसतं भाजी आणायला गेलं, तरी माणूस दोन तंबोरे आणि अर्धी सतार कानात घेऊन परत येतो. तलवारींना पाणी देणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सुटल्यावर वाद्यांकडे वळले, आणि तेव्हापासून या गल्लीत पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात नि तंबोरे होऊन बाहेर पडतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा गावात माझ्या टेबलावर दीड महिना एक ठार मुका लॅपटॉप बसून होता. लाज वाटायची.

लॅपटॉप मुलीचा. तिनं नवा घेतला आणि जुना आमच्याकडे आला. मुलांच्या जुन्या वस्तू आईबापांच्या घराकडेच वाहत येतात. पाणी उताराकडेच जाणार. सुरू करून अंघोळ आटोपून यावं, तोवर तो नुकता डोळे चोळत असायचा. दिवाळीला पुण्याहून भाचा आला. तो म्हणाला, "मामा, हा म्हातारा झालेला नाही, त्याच्यावरचं ओझं म्हातारं झालंय. लिनक्स टाकू." वीस-पंचवीस मिनिटांत त्यानं ते टाकलंसुद्धा. वायफाय लागलं, मराठी टंकलेखन जमलं, आणि ज्या प्रिंटरनं माझ्याशी तीन वर्षं अबोला धरला होता त्यानं आपणहून कागद ओढला. भाच्यानं फराळाचा डबा घेतला आणि गाडी पकडली.

त्या रात्री मी अब्दुल करीम खाँसाहेबांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. खाँसाहेब 1937 साली गेले. इथल्या दर्ग्यात उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं. पडद्यावरची रेघ पुढे सरकत होती, मिनिटं-सेकंद वाढत होते, खाँसाहेब गात असणार याबद्दल शंका नव्हती. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. आवाजाची पट्टी शंभरावर नेली. मग कान लावला. आतून पंख्याची घरघर तेवढी आली.

"लिनक्स म्हणजे मुक्त असतं," असं मी बायकोला आठवडाभर समजावत होतो. तिनं चष्म्यावरून बघितलं. "मुक्त म्हणाला होतात होय? मला ऐकू आलं मुकं."

भाच्याला फोन केला. "मामा, टर्मिनल उघडा." टर्मिनल म्हटलं की आमच्या पिढीला व्ही. टी. आठवतं, पण ते असो. काळ्या चौकटीत त्यानं सांगितलेली अक्षरं एका बोटानं टाइप केली, आणि यंत्रात किती ध्वनिकार्डं आहेत त्याची यादी समोर आली. दोन निघाली! शून्य नंबरचं कार्ड एचडीएमआयचं, म्हणजे केबलनं टीव्ही जोडला तर त्याच्यासाठी. एक नंबरचं कार्ड लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरांचं. माझा लॅपटॉप ज्या पिढीतला आहे तिच्यात हा क्रम नेहमीचाच. यंत्रानं शून्य नंबर मोठा मानला आणि सगळं गाणं तिकडे पाठवून दिलं.

म्हणजे खाँसाहेब गातच होते. समोर नसलेल्या टीव्हीला ऐकवत होते. लेकी बोले सुने लागे हा प्रकार मला ठाऊक आहे, आमच्या आजीचा त्यात हातखंडा होता. पण तिथं निदान सून स्वयंपाकघरात हजर असायची. इथं लेकही नाही, सूनही नाही, आणि म्हातारी एकटीच भिंतीकडे तोंड करून तासन् तास बोलतेय.

कार्ड बदललं. आता आवाज येणार म्हणून बायकोला हाक मारली. (ही चूक पुढे मी आणखी चार वेळा केली.) शांतता. भाचा म्हणाला, "आता अल्सामिक्सर बघू."

हा अल्सामिक्सर ज्यानं पाहिला नसेल त्याला त्याची मौज सांगायला हवी. काळ्या पडद्यावर उभे खांब असतात, खाली हिरवे, मध्ये पांढरे, टोकाला लाल. एकेका खांबाखाली नाव: मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम. नावाच्या वर एक इवलीशी चौकट असते. तिच्यात दोन शून्यं असतील तर वाट मोकळी. 'एम एम' असेल तर तोंड बंद. माझा मास्टर शंभरावर होता, पीसीएम शंभरावर होता, आणि या दोघांच्या मध्ये स्पीकर ओठ मिटल्यासारखे दोन एम घेऊन उभा होता. पट्टीवरचा मोठा आवाज शंभर दाखवत असताना आत एक बारका नळ कोणीतरी घट्ट पिळून ठेवला होता.

"एम दाबा, मामा. एम म्हणजे म्यूट."

"म्हणजे मुका?"

"हो. दोन मुके आहेत, डावा आणि उजवा."

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. आमच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली आहेत, आणि मिरजेत या शब्दाचा दुसरा अर्थ पुसट झालेला नाही.

एम दाबला. शून्यं उमटली, हिरवी. हेडफोन लावला तर खाँसाहेब! कानात अगदी शेजारी बसून. हेडफोन काढला की पुन्हा मौनव्रत.

याच दिवसांत एकदा लॅपटॉप पिशवीत घालून सतारमेकर गल्लीतून चाललो होतो. तिथले एक चाचा माझ्या ओळखीचे, त्यांच्या नातवाला मी शाळेत भूमिती शिकवली. त्यांच्यापुढं तंबोरा आडवा होता. तारेखालच्या घोडीवरून ते कानस फिरवायचे, तार छेडायचे, पुन्हा फिरवायचे. मग तारेखाली सुताचा धागा घातला आणि नखानं केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत राहिले. बराच वेळ तार नुसती टणत्कारत होती, आणि एका जागी धागा आला तशी एकदम उघडून गुंजायला लागली. जवारी लागली. मी माझं दुःख सांगितलं. त्यांनी पिशवीतून डबा बाहेर काढायला लावला, भोपळ्यावर मारतात तशी बोटाच्या पेरानं त्याच्यावर टिचकी मारली, कान लावला आणि परत दिला. "सर, पत्रा हाय हो हा. ह्यातनं काय येणार?"

मी पुढं तासभर तिथंच बसलो. घरी जाऊन तरी काय ऐकणार होतो?

रात्री झोप येईना म्हणून हे आवाजाचं घराणं कुठलं ते वाचत बसलो, आणि घराणं निघालंही नामी. लिनक्स जन्मलं 1991 साली. त्याच्या कंठाची पहिली व्यवस्था फिनलंडच्याच हन्नू सावोलाइनेन यांनी केली. त्या काळी ज्याच्या घरी ध्वनिकार्ड चालू व्हायचं तो लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या आवाजाची एक छोटी फाइल लावून बघायचा. आपण लिनक्सचा उच्चार कसा करतो, एवढंच ते तिच्यात सांगतात. त्या व्यवस्थेत बहुतेक कार्डांवर एका वेळी एकच प्रोग्राम बोलू शकायचा. एकानं माईक धरला की दुसरा खाली बसून. पुढे चेक प्रजासत्ताकातल्या यारोस्लाव किसेला यांनी 1998 साली, मुळात स्वतःच्या आवडीच्या एका कार्डासाठी, अल्सा या नव्या व्यवस्थेचं काम हाती घेतलं. 2004 मध्ये लेनार्ट पोएटरिंग यांनी पल्सऑडिओ सुरू केलं, जे अनेकांचे आवाज एकत्र मिसळून खाली अल्साकडे देतं, आणि सुरुवातीची काही वर्षं त्याला लोकांनी पोटभर शिव्या दिल्या. मग विम टेमन्स यांचं पाइपवायर आलं. हे फार चतुर निघालं. पल्सऑडिओच्या नावानं कोणी हाक मारली, तरी हेच ओ देतं. सासूच्या नावानं आलेलं पत्र सुनेनं वाचून, उत्तर लिहून, खाली सासूचीच सही ठोकावी, तसं. पत्र पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आणि या सगळ्यांच्या तळाशी अल्सा अजून आहेच, जुन्या वाड्याच्या जोत्यासारखं.

पण माझी अडचण जोत्याच्याही खाली होती. लॅपटॉपमध्ये आवाजाची एक चिप असते. माझ्यातली तैवानची, जिच्या कंपनीचं चिन्ह खेकडा आहे. या खेकड्याला पाय पुष्कळ. कोणत्या पायाला स्पीकर जोडायचा, कोणत्याला हेडफोन, कोणत्याला माईक, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो, आणि ते बायोसमध्ये नीट लिहून ठेवणं हे त्याचं काम. 2004 साली इंटेलनं आवाजाचं जे मानक केलं, त्यात हे सगळं आलं आहे. प्रत्यक्षात घाईत कोणी चुकीचं लिहितो, कोणी अर्धवट सोडतो, कारण त्याच्या स्वतःच्या विंडोज ड्रायव्हरला खरं काय ते खासगीत सांगितलेलं असतं. काही यंत्रांत तर स्पीकरच्या आधीचा आवाज मोठा करणारा भाग झोपलेला असतो. त्याला कोणी हलवून जागं केल्याशिवाय तो उठत नाही. विंडोजला ती उठवायची वेळ ठाऊक असते. लिनक्स बिचारं पाहुण्यासारखं येतं, आणि घरात कोण कधी उठतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मग ते कळतं कसं? तर भाच्यानं मला एक फाइल दाखवली. खेकडेवाल्या चिपांसाठीच्या ड्रायव्हरची, दहा हजारांहून जास्त ओळींची. तिच्यात पानंच्या पानं एक यादी आहे. प्रत्येक ओळीत आधी कंपनीचा क्रमांक, मग मॉडेलचा, मग लॅपटॉपचं नाव, आणि शेवटी त्याला लागू पडणारा इलाज. एकेक ओळ म्हणजे जगात कुठं तरी मुका निघालेला एकेक लॅपटॉप. कोणीतरी रात्री जागून त्याचे पाय चाचपले आणि सापडलं ते एका ओळीत लिहून ठेवलं, की पुढच्याला जागावं लागू नये.

मला एकदम त्र्यंबकेश्वर आठवलं. वडिलांचं कार्य करायला गेलो होतो तेव्हा उपाध्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि लाल कापडातली एक वही काढली. दोन-चार पानं उलटली तर पणजोबांची मोडीत सही. आडनाव, नाव, गाव, कोण आलं होतं, कशासाठी आलं होतं. त्या सहीवर मी बोट ठेवलं होतं ते आठवलं, आणि इथंही नकळत पडद्यावर बोट ठेवून खाली खाली उतरू लागलो. आडनाव सापडलं, त्या कंपनीचे पन्नासेक तरी लॅपटॉप होते. माझा नव्हता. मात्र त्याच वर्षाचा, नावात एका आकड्याचा फरक असलेला एक सापडला. चुलतभाऊ.

"त्याचाच इलाज देऊन बघू," भाचा म्हणाला. सख्ख्याचा चष्मा नसेल तर चुलत्याचा घालून बघतात, त्यातलाच प्रकार. एका फाइलमध्ये एक ओळ लिहिली, तीही दोनदा चुकली. एका ठिकाणी आडवी रेघ हवी तिथं मी खाली रेघ दिली होती. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. बायकोला या वेळी हाक मारली नाही.

चाचणीची आज्ञा दिली आणि खोलीत एक बाई इंग्रजीतून स्पष्ट म्हणाली, "फ्रंट लेफ्ट." मग क्षणभर थांबून दुसऱ्या बाजूनं, "फ्रंट राइट." ही बाई चाचणीच्या त्या आज्ञेत राहते आणि थांबवेपर्यंत हेच म्हणत राहते. मी तिला थांबवलं नाही. डावा स्पीकर, उजवा स्पीकर, डावा, उजवा. कवायत घेणाऱ्या पीटीच्या बाईंनंतर इतका गोड हुकूम मी ऐकलेला नाही.

"कोण आलंय हो?" आतून आवाज आला.

"कोणी नाही. लॅपटॉप आहे."

"मग आत ये म्हणावं तिला. दारात काय डावं-उजवं करत उभी राहिलीय?"

आता खाँसाहेब रोज संध्याकाळी गातात. पत्र्याच्या मानानं बरे गातात. एकच खोड उरली आहे. काही सेकंद शांतता झाली की वीज वाचवायला चिप डुलकी काढते, आणि पुन्हा सूर लागायच्या आधी 'टक्' असा आवाज करून जागी होते. भाचा म्हणाला, "तीही एका ओळीत जाईल, मामा. लिहून पाठवू का?" मी म्हटलं, "पाठव." त्यानं पाठवली आहे, फोनमध्ये आहे. पण परवा चाचा घरी आले होते, चहा घेत ऐकत बसले. गाणं संपलं, दुसरं लागायच्या आधी 'टक्' झालं, आणि त्यांनी कप बशीत ठेवून मान हलवली.

"खाकरला बघा," ते म्हणाले. "आता लावंल सूर."