द्वारनिर्णय

कमलाकरभट्टांनी १६१२ साली 'निर्णयसिंधू' रचून कोणते व्रत कोणत्या तिथीस करावे हा तंटा मिटविला. परंतु कोणत्या घरास कोणते दार शोभते, हा त्याहून बिकट तंटा त्यांनी पुढील पिढ्यांच्या गळ्यात टाकला, आणि वंशपरंपरेने नव्हे, केवळ गृहकर्जाच्या मार्गाने तो माझ्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.

घराची शैली पाहून त्यास अनुरूप दार निवडावे, हा या शास्त्रातील प्रथम सिद्धांत. निगडीपासून चाकणपर्यंतच्या मुलखात तो लागू करू जाता पहिल्याच पायरीवर ठेच लागते, ती अशी की, येथील घरांस शैली नसते, क्षेत्रफळ असते. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाल्यावर आखीव भूखंडांवर जे बंगले उठले, त्यांस सागवानी दार शोभते. चिखली-भोसरीच्या गावठाणात एखादा वाडा अद्याप तग धरून असल्यास त्याच्या दोन फळ्यांच्या दारास तेल पाजावे, नमस्कार करावा, आणि दुसरे काही करू नये. चाकणकडील भाड्याच्या खोल्यांना पत्र्याचे दार असते. तेथे तीन पाळ्यांतले चौघे एका किल्लीवर संसार करीत असल्यामुळे द्वारशोभेचा विचार, निघणाऱ्याने किल्ली कोठे ठेवावी, याच्या पलीकडे जात नाही. राहता राहिली बहुमजली इमारतीतील सदनिका. प्रस्तुत विवेचन मुख्यतः तिच्यासाठी आहे, कारण प्रस्तुत लेखक तिच्यात हप्ते भरीत राहतो.

द्वितीय सिद्धांत असा की, दाराने घराच्या ऐपतीहून मोठी ऐट करू नये. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजास जे अणकुचीदार लोखंडी खिळे आहेत, ते हत्तीने मस्तक लावून दार रेटू नये म्हणून. आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावरील एका दारास तसेच पितळी खिळे आहेत. लिफ्ट सहा माणसांची, जिना अरुंद, सबब हत्ती वर येण्याचा संभव फारसा नाही. तरी त्या गृहस्थाने चोख बंदोबस्त केला आहे, आणि दिवाळीचे ताट घेऊन जाणाऱ्या माणसाची बाही त्यात नेमाने अडकते.

येथवर मी हसू शकतो, याचे कारण पुढचा मजकूर अद्याप सांगितलेला नाही. मीही पुण्याच्या जुन्या बाजारातून, विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून, एका वाड्याचे दार खरेदी केले होते. गणेशपट्टी, कडीकोयंडा, साखळी, सर्व तपशील यथास्थित होता. टेम्पोतून ते उतरत असताना माझे मामा तेथे हजर होते, आणि हेच या प्रकरणातले दुर्दैव. मामा भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे मालाची तपासणी करीत. निवृत्तीनंतर पुष्कळ लोक जपमाळ घेतात. मामांनी व्हर्निअर घेतला. त्यांनी दार मोजले, चौकट मोजली, दोन्ही कर्ण मोजले (चौकट काटकोनात आहे की नाही हे कर्णांवरूनच कळते, ओळंबा नंतर), आणि कारखान्यातल्या आवाजात निकाल दिला : "पाच फूट चार इंच. चौकट सात फुटांची. रिजेक्ट."

ते दार सध्या त्यांच्या गच्चीवर आहे. मामी त्यावर सांडगे वाळत घालते, आणि कोरीव कमळांमध्ये सांडगे अडकतात अशी तिची माझ्याविरुद्ध कायमची फिर्याद आहे.

मामांच्या मते दार ही वस्तूच नव्हे, तो जोड आहे. दाराची किंमत विचारणाऱ्यास ते चौकटीला भिंतीत धरणारे होल्डफास्ट किती आणि भिंत किती इंची, असा उलट सवाल करतात. आणि दाखला देतात तो चाकणचाच. १६६० साली शायिस्तेखानाने संग्रामदुर्गास वेढा दिला, फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट सुमारे दोन महिने झुंजविला. अखेर मोगल आत शिरले ते बुरूज सुरुंगाने उडवून, दरवाजातून नव्हे. "दारानं दगा दिला नाही," मामा सांगतात, जणू त्या दाराची तपासणी त्यांच्याच सहीने झाली होती.

लाकडाविषयी थोडक्यात. मुख्य दारास सागवान, परवडत नसल्यास चांगले फ्लश डोअर. सनमायका दोन्ही बाजूंस लावावा, एकाच बाजूस लावल्यास दार पापडासारखे वाकते. बिजागऱ्या तीन, जड दारास चार. न्हाणीघरास लाकूड लावणाऱ्याने दर तिसऱ्या वर्षी खालची कुजलेली पट्टी पाहून स्वतःस दोष द्यावा. परदेशी यंत्रांच्या खोक्यांतून निघालेल्या पाइनची दारेही आपल्या भागात स्वस्तात मिळतात. हे लाकूड मऊ, स्क्रू धरीत नाही, माळ्याच्या कपाटास ठीक. माझ्या माळ्याच्या दारावर गव्हाच्या लोंबीचा, 'HT' अक्षरांचा शिक्का अद्याप आहे, त्याचा अर्थ लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून किडीपासून निर्धोक केले आहे, असा होतो. घरातल्या सर्व दारांत मामांनी आदराने हात फिरविला तो एवढ्या एकाच दारावरून. "याला कागद आहे," ते म्हणाले.

सजावट. दारावर गणपती एकच असावा. ज्या चिंचवडात मोरया गोसावींची समाधी आहे तेथे हा नियम सांगणे धार्ष्ट्याचे आहे. परंतु वास्तुशांतीत आलेले पाचही गणपती एका दारावर बसविल्यास घंटेचे बटण कोणते, हे पाहुण्यास उमगत नाही. नावाच्या पाटीवर पदवी लिहू नये; लिहिल्यास शेजारचे मिक्सर दुरुस्तीला आणून देतात. तोरण प्लास्टिकचे लावू नये, एवढे मी हात जोडून सांगतो. आमच्या लहानपणी खंडेनवमीस कारखान्यात यंत्रांची पूजा झाली की उरलेली झेंडूची माळ मामा सायकलच्या हँडलला गुंडाळून आणीत, आणि ती लेथच्या मापाची असल्यामुळे आमच्या दारावर दोन पदर होऊन पुन्हा वीतभर खाली लोंबे. आत शिरताना फूल कपाळाला लागे. त्या दाराचे लाकूड कोणते होते, ते मला आठवत नाही.

आता पावसाळा. जून सरता सरता दार फुगते आणि गृहस्थ सुताराला बोलावतो. हे करू नये. भर पावसात रंधा मारलेले दार उन्हाळ्यात आक्रसते, आणि फटीतून शेजाऱ्यांच्या मालिका ऐकू येतात. दाराचे माथे आणि तळवे रंगवायचे सुतार विसरतो, दमट हवा तेथूनच लाकडात शिरते. तेवढे मे महिन्यात उरकावे. मामा दर जूनला येऊन दाराच्या कडेला खडू फासत, दार मिटून उघडत, आणि चौकटीवर जेथे पांढरा ठसा उमटे तेथे मेणबत्ती घाशीत. टूलरूममध्ये निळा रंग लावून जोड तपासतात, तीच ही रीत. मग बिजागरीच्या बाजूच्या कडेवर, जेथे कोणाची नजर जात नाही, पेन्सिलीने तारीख घालीत. तेथे नऊ जूनांच्या तारखा आहेत.

यंदा त्यांच्या गुडघ्यांनी प्रवासास मज्जाव केला. फोनवरून हुकूम आला. मी खडू फासला, दार ओढले.

"ठसा कुठं आला?"

"वर, कडीच्या बाजूला. दोन बोटं."

"मेणबत्ती घास. रंध्याला हात लावू नकोस, दिवाळीपर्यंत थांब."

मी बरे म्हणून फोन ठेवणार, तोच पुन्हा आवाज आला.

"तारीख घातलीस का?"