नांदेड ते हदगाव, ताशी चाळीस

हळदीची पट्टी हातात आली की आमच्या हदगावात घरोघरी सभा भरते. विषय ठरलेले: बोअर, सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न. चौथा विषय कोणी मांडत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतो, तो म्हणजे घरातल्या तरण्या पोराची गाडी. यंदा आमच्या पुतण्याने चौथा विषयच पहिला घेतला. २०२५च्या सप्टेंबरात ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, म्हणजे गाडी न घेणं हेच नुकसानीचं कसं, हे त्याने आम्हाला समजावून सांगितलं. बारावीला अर्थशास्त्रात हा पोरगा काठावर पास झाला होता.

त्याला हवी होती यामाहाची आर-वन-फाइव्ह. १५५ सीसी, सहा गिअर, पाण्यावर थंड होणारं इंजिन.

"पाण्यानं थंड होणारं इंजिन आपल्या हिरीवर बी होतं, किर्लोस्करचं," दादा म्हणाले. "ते काय दोन लाखाचं नव्हतं."

दादांची गाडी स्प्लेंडर. देशात ती १९९४ साली आली आणि आमच्या घरात कायमची राहायला आली. तिच्यावरून दूध, युरिया, वहिनी आणि एकदा तर आजारी वासरू गेलं. नव्या गाडीला कॅन कुठं अडकवायचे, या दादांच्या प्रश्नाला कंपनीकडे उत्तर नव्हतं. पण वहिनींचं मत पोराच्या बाजूने पडलं, आणि आमच्या घरात मतदान तेवढंच असतं. पैसे माझ्याकडे द्यायचे आणि पोरासोबत मला नांदेडला धाडायचं, असं ठरलं. मी शिक्षक. गाडीतलं मला काही कळत नाही. पण शिक्षकाला कोणी फसवत नाही, अशी दादांची समजूत आहे.

अक्षय तृतीयेच्या मुहूर्ताला शोरूममध्ये जत्रा. सेल्समन पुतण्यापेक्षा लहान, पण आवाजात वकिली. "एक्स-शोरूम" आणि "ऑन-रोड" या दोन गावांमध्ये किती अंतर असतं ते तिथं कळलं. वाटेत रोड टॅक्स, पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, आणखी कसली कसली ठाणी. प्रत्येक ठाण्यावर पाकीट हलकं होत जातं. मग त्याने बिलातली एक ओळ बोटाने दाखवली : साडी गार्ड. इतकी चकचकीत, नाकाने रस्ता हुंगणारी गाडी, आणि तिला साडी गार्ड! कायद्याने लागतंच, तो म्हणाला. पुतण्याने ते काढून ठेवायला सांगितलं. मी लावायला सांगितलं. पैसे माझ्या खिशात असल्यामुळे ते लागलं.

नंबराचा विषयही निघाला. पूर्वी ४१४१ घेऊन त्याचं "दादा" करायची आपल्याकडं चाल होती. इंग्रजी ८०५५चं "बॉस" व्हायचं. २०१९च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना सरकारी छापाची हाय सिक्युरिटी पाटी सक्तीची झाली आणि महाराष्ट्रातले कित्येक दादा पुन्हा आकडे झाले. पुतण्या त्या दिवशी खरोखर हळहळला.

चावी देण्याचा सोहळा झाला. खरी चावी बोटभर. फोटोसाठी मात्र पुठ्ठ्याची हातभर लांब चावी आणतात. ती आम्ही दोघांनी दोन टोकांना धरली. पुढचं गिऱ्हाईक खोळंबल्यामुळे ती लगेच हातातून काढून घेतली. हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, आणि निघालो.

निघालो म्हणजे तो निघाला. मी चढत होतो. या गाडीची मागची सीट पुढच्या सीटपेक्षा इतकी उंच, की बसणारा मचाणावरच्या राखण्यासारखा दिसतो. चालवणारा टाकीवर ओणवा, त्यामुळे त्याचे खांदे माझ्या हाताच्या टप्प्यात नाहीत. एप्रिलच्या उन्हात टाकी अशी तापलेली की पुतण्या पोट आत ओढून चालवत होता.

आसनेचा पूल ओलांडला. रस्ता मोकळा. तुळजापूरहून नागपूरकडं जाणारा हा महामार्ग आमच्या हदगावला शिवूनच जातो, आणि आता गाडी उडणार म्हणून मी डोळे मिटले. बराच वेळ काही घडलं नाही. डोळे उघडले तर काटा चाळीसवर.

"काका, रनिंग-इन हाय," पुतण्या ओरडला. "पहिलं हजार किलोमीटर रेस करायची नसती."

जिच्या वेगासाठी घरात पंधरा दिवस अबोला चालला, ती गाडी आम्ही चाळीसने हाकत होतो. एसटी पुढे गेली. उसाचा रिकामा ट्रॅक्टर टेपवर गाणी वाजवत पुढे गेला. मग दुधाच्या कॅनवाला एक स्प्लेंडरवाला बरोबरीला आला, गाडी वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि काळजीने म्हणाला, "पेट्रोल संपलं का?"

त्यात हेल्मेटची पंचाईत. एवढी गाडी घ्यायची ती चार लोकांनी बघावं म्हणून, आणि तोंड तर डब्यात बंद. प्रत्येक फाट्यावर ओळखीचं कोणी उभं दिसलं की पुतण्या काच वर करायचा, धूळ खायचा, आणि माणूस अनोळखी निघाला की खाली करायचा. अर्धापूरला मी केळी घेतली. अर्धापुरातून केळी न घेता जाणं म्हणजे पंढरपुरातून बुक्का न घेता येणं. पण पिशवी अडकवायला या गाडीला कुठेच आकडा नाही. जपान्यांनी सगळा विचार केलाय, फणीचा केला नाही. तिथून पुढं केळी माझ्या मांडीवर.

वारंगा फाट्याला थांबलो. इथं नागपूरची आणि हिंगोलीची वाट वेगळी होते, आणि दोन्हीकडचे प्रवासी खिचडी-भजी खातात. गाडी उभी करताच भोवती माणसं जमली. पहिला प्रश्न, कितीला पडली? दुसरा, ॲव्हरेज काय देते? पुतण्या टॉप स्पीड सांगत होता. ते कोणी ऐकत नव्हतं. एका पटकेवाल्या बाबांनी तेवढी मान हलवली. त्यांच्या गावात एकाने राजदूत साडेतीनशे घेतली होती म्हणे. मला ती गाडी माहीत होती. एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० इथं १९८३ साली आणली. त्या काळातल्या भारतात इतकी पळणारी गाडी दुसरी नव्हती. पळायची झकास, प्यायचीही झकास, आणि काही वर्षांतच बंद पडली. आज त्या गाड्यांसाठी शौकीन लाखांनी मोजतात. तेव्हा मात्र देशाने एवढंच विचारलं होतं की लिटरला किती जाते.

"मग त्या माणसानं काय केलं?" पुतण्याने विचारलं.

"विकली अन् म्हैस घेतली," बाबा म्हणाले. "म्हशीचं ॲव्हरेज बरं होतं."

पुतण्याने खिचडी अर्धी टाकली.

हदगावात शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. दत्तबर्डीला नारळ फोडून घरी आलो. वहिनी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात. ओवाळणं झालं, बिब्बा-मिरची बांधली गेली, त्यांनी साडी गार्ड बघितलं आणि माझ्याकडं पहिल्यांदाच आदराने पाहिलं.

दादा ओट्यावरून उतरले. गाडीभोवती एक फेरी, मग उलटी फेरी. टायर दाबला. आरसा पुसला. आणि काय वाटलं कोण जाणे, धोतर आवरून टांग टाकली. हँडल इतकं खाली, की धरायला वाकले ते कंबरेत तसेच अडकले. पुतण्या आणि मी दोन्ही बाजूंनी उचलायला धावलो.

"हात लावू नका," टाकीवर गाल टेकलेले दादा म्हणाले. "चावी कुठाय?"

चावी वहिनींनी केव्हाच कमरेला खोचली होती.