गुडघा, गोड आणि थापा

व्यायाम शिकवणाऱ्या कोचबाईंच्या वहीत प्रस्तुत लेखकाच्या नावाखाली तीन नोंदी आहेत. 'उजवा गुडघा. संध्याकाळी गोड. थापा.' वही साधी दोनशेपानी, प्रत्येक माणसाला एक पान. कोचबाई पाणी आणायला आत गेल्या तेवढ्यात लेखकाने ती समोरच्या बाजूने उलटी वाचली. गुडघ्याबद्दल आणि गोडाबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. तिसऱ्या नोंदीला मात्र त्याने हरकत घेतली.

"खोडते की, काका," कोचबाई म्हणाल्या. "आधी आठवडाभराचे खरे स्टेप्स पाठवा."

'काका'सुद्धा लेखकाला लागलंच. बॅचमधल्या बाकीच्या पुरुषांना त्या 'सर' म्हणतात. पण लेखक त्यांच्या वडिलांचा ऑफिसातला जुना सहकारी. त्याने त्यांना फ्रॉकमध्ये पाहिलंय, त्यामुळे बोलताना तो 'अगं' म्हणतो. लिहिताना मात्र आदरार्थी बहुवचन, कारण फी बाकी आहे.

लेखकाची स्वतःविषयी अशी समजूत आहे की तो मूळचा काटक आहे. काटकपणा मध्यंतरी थोडा झाकला गेला, इतकंच. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत असावा असं डॉक्टर मंडळी सांगतात. पहिल्या दिवशी कोचबाईंनी टेप लावला तेव्हा लेखकाने श्वास आत ओढून धरला. कोचबाई टेप धरून शांत उभ्या राहिल्या. मुलाच्या शाळेबद्दल बोलल्या, उन्हाबद्दल बोलल्या. शेवटी लेखकाला श्वास सोडावाच लागला आणि मग त्यांनी आकडा लिहून घेतला.

हे सगळं चालतं रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या त्यांच्या हॉलमध्ये. सकाळी सहाच्या आत सोफा भिंतीला सरकतो, टीपॉय स्वयंपाकघरात जातो आणि मॅट अंथरल्या जातात. शेवटची मॅट अर्धी देवघरासमोर येते, ती सासूबाईंची. अकराची बॅच मुलांचे डबे भरून मोकळ्या झालेल्या बायकांची. संध्याकाळी फोन तूरडाळीच्या डब्याला टेकवून ऑनलाइन बॅच. तीत भिलाईचे लोक असतात, नागपूरचे असतात आणि न्यू जर्सीच्या एक मावशी असतात. त्यांच्याकडे तेव्हा सकाळ असते आणि त्या रोज न चुकता सगळ्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणतात. दारावर पाटी नाही, जाहिरात नाही, 'आधीचे आणि नंतरचे' फोटो तर नाहीतच.

मग माणसं आली कुठून? पहिल्या गिऱ्हाईक सासूबाई आणि त्यांच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणी. व्यायामानंतर चहा मिळतो हे कळल्यामुळे त्या आल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीला फोन गेला. "काल जिना उतरताना दुखलं का? कठडा धरला होता ना?" इतकं बारीक त्यांना पोटच्या मुलांनीही कधी विचारलं नव्हतं. ही बातमी त्यांनी हळदीकुंकवाला सांगितली, मंगळागौरीला सांगितली, महाराष्ट्र मंडळातल्या नाटकाच्या मध्यंतरात सांगितली. कोचबाईंचं मार्केटिंग खातं ते हेच, आणि त्याला पगार नाही.

याच्या उलट अनुभव लेखकाने आधी घेतलेला आहे. एका झगमगीत जिममध्ये त्याने एकदम वर्षाचे पैसे भरले होते. भरेपर्यंत तिथून रोज फोन यायचा. भरल्यावर जिमला त्याची आठवण दोनदाच झाली, एकदा वाढदिवसाला आणि एकदा नूतनीकरणाला. वाढदिवसाच्या संदेशात त्याला 'डियर चॅम्प' म्हटलं होतं. तो संदेश लेखकाने बरेच दिवस पुसला नाही, ही गोष्ट वेगळी.

वेळेवर आलेल्या संदेशाने शरीरात खरोखर फरक पडतो का, याची शहानिशा झालेली आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले 537 नोकरदार पुरुष निवडले. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच दिला. निम्म्यांना मात्र त्यापुढेही मोबाइलवर साधे एसएमएस जात राहिले आणि मजकूर ज्याच्या त्याच्या तयारीप्रमाणे बेतलेला असे. दोन वर्षांनी नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी 27 टक्क्यांना मधुमेह झाला होता, संदेश मिळालेल्यांपैकी 18 टक्क्यांना. 2013 मध्ये हा अभ्यास लॅन्सेटच्या मधुमेहविषयक नियतकालिकात छापून आला. लेखकाने तो लगेच कोचबाईंना पाठवला. उत्तर आलं, "छान आहे काका. आज चाललात का?"

मराठी घरांना विचारपुशीच्या या ताकदीची ओळख झाली ती डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून त्यांनी सूत्र उचललं. दिवसातून दोनदाच जेवा, जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा, 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. सूत्र एका कागदावर मावणारं. पण लोक टिकले ते विनामूल्य चालणाऱ्या व्हॉट्सॲप गटांमुळे. तिथे शंका विचारता येत होत्या, रक्तातल्या साखरेचे, म्हणजे एचबीएवनसीचे, आकडे टाकता येत होते आणि समोर उत्तर द्यायला डॉक्टर होते. रायपुरातही ही लाट आली. लेखकाच्या मित्रमंडळात मात्र 55 मिनिटं ही मर्यादा न राहता हक्क झाली. चोपन्नाव्या मिनिटाला श्रीखंडाची वाटी पुढे ओढणारे सद्गृहस्थ लेखकाने पाहिले आहेत. त्यांतला एक तर आरशात रोज दिसतो.

आता लेखकाला औंधच्या राजाबद्दल बोलायचं आहे. विषयाला धरून नाही, पण लेखकाला हा राजा फार आवडतो आणि संधी मिळाली की तो त्याला कुठेही आणून बसवतो.

सातारा जिल्ह्यातलं औंध हे छोटंसं संस्थान. 1909 मध्ये भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी गादीवर आले. इतर राजे वाघ मारत होते, पोलो खेळत होते. हा राजा चित्रं काढायचा, कीर्तन करायचा आणि सूर्यनमस्कार घालायचा. स्वतः घालून थांबला असता तर प्रश्न नव्हता. त्याने ते संस्थानातल्या शाळांमध्ये लावले, त्यावर पुस्तक लिहिलं आणि जो भेटेल त्याला त्याचं महत्त्व पटवलं. 1938 मध्ये लंडनहून त्याचं 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे इंग्रजी पुस्तक निघालं, लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं. म्हणजे सत्तरीला टेकलेला मराठी राजा साहेबाला त्याच्याच घरात, गालिच्यावर, कोणतंही उपकरण न घेता वाकायला शिकवत होता. घरबसल्या फिटनेसचा धंदा आज नवा म्हणून मिरवतो. त्या काळी बंगळुरूचे के. व्ही. अय्यर टपालाने व्यायाम शिकवायचे. पाठ पाकिटातून यायचा आणि विद्यार्थी कुठल्या तरी गावात दार लावून छाती फुगवायचा.

लेखकाच्या डोळ्यांसमोर मात्र वेगळंच चित्र येतं. समजा, राजेसाहेब सकाळी घोड्यावरून तुमच्या दारात हजर झाले. "आज घातले का नमस्कार?" त्यांना काय 'पाहुणे आले होते' सांगणार? 'नेटवर्क नव्हतं' सांगणार? फोन उलटा ठेवून निळी टिक चुकवता येते, घोडा चुकवता येत नाही. आणि गंमत अशी की हाच राजा 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने घटना करून आपले अधिकार प्रजेच्या हाती देऊन मोकळा झाला. आपल्यालाही कुणी राजा करावं, चौबे कॉलनीपासून तेलीबांधा तलावापर्यंतचं संस्थान द्यावं, असं लेखकाला कधीकधी वाटतं. सगळी प्रजा तलावाकाठच्या मरीन ड्राइव्हवर चालेल. राजा बाकावर बसून मोजेल.

असो.

रायपुरी मराठी माणसाचं पोट तसं ऐतिहासिक आहे. बिंबाजी भोसल्यांनी 1758 मध्ये रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार हाती घेतला, त्या पिढीपासून मराठी माणूस या भाताच्या मुलखात रुजला. सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर पोहे आणि जिलेबी. उन्हाळ्यात बोरे-बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात आणि कांदा. 2022 मध्ये राज्यात 1 मेला तिचा सरकारी थाटही झाला. भाद्रपदात तर विचारू नका. शेजारणींची तीजा, मराठी बायकांची हरतालिका, एकाच तिथीला. शेजारणी आदल्या रात्री कारल्याबरोबर करू भात जेवून निर्जळी उपास करणार, नंतर ठेठरी-खुरमीचे डबे भिंतीवरून इकडे येणार, आणि हरतालिकेला लागून गणपती. नवखा कोच या महिन्यात सगळ्यांना डाएट चार्ट पाठवतो आणि सगळ्यांना गमावतो. कोचबाई तीजेच्या आदल्या दिवशी लिहितात, "उद्या व्यायाम नाही. उपास सोडताना आधी लिंबूपाणी, मग बाकीचं. परवा फक्त चाला." बासीही त्यांनी कुणाची बंद केली नाही. "किती वाटी?" एवढंच विचारलं. आणि गुडघा सुजला, छातीत भरून आलं की त्या व्यायाम सांगत नाहीत, डॉक्टरांकडे पाठवतात आणि संध्याकाळी फोन करून विचारतात, गेलात का.

हे सगळं बघून लेखकाची अशी खात्री झाली होती की आपण कोचबाईंचे खास आहोत. इतकी चौकशी एरवी कोण कुणाची करतं? मग एकदा तो फी देण्याची मुदत वाढवून घ्यायला गेला असताना त्याच्यासमोरच त्यांचा फोन वाजला. तात्यापाऱ्यातल्या एका आजोबांचा मेसेज होता. पत्नी गेलेली, मुलगा पुण्यात. ते रोज सकाळी लिहायचे, 'झाले'. म्हणजे व्यायाम झाला. "करत नाहीत ते," कोचबाई म्हणाल्या. "मॅटची घडीसुद्धा मोडली नसेल. पण 'झाले' लिहायला उठतात." त्यांनी आजोबांना रागावलं नाही. व्यायाम राहू द्या, म्हणाल्या, दूध आणायला स्वतः जा आणि डेअरीवरच्या फळ्यावर आजचा भाव काय लिहिलाय त्याचा फोटो पाठवा. आता रोज फोटो येतो. कधी तिरका, कधी त्यात आजोबांचा अंगठा. कोचबाई दर फोटोला उत्तर देतात. भाव बदललेला नसला तरी.

लेखकाला आजोबांचा हेवा वाटला. त्याच्या खऱ्याखोट्या स्टेप्सना उत्तर म्हणून नुसता अंगठा येतो.

एक गोष्ट मात्र लेखकाला मनापासून खटकते आणि इथे त्याला विनोद सुचत नाही. हॉलमध्ये चालतो म्हणून या कामाला कुणी काम समजत नाही. "ती घरीच तर असते," असं म्हणत दुपारी दोनला कुणीही बेल वाजवतं. मंडळाच्या गणपतीत आरतीच्या ताटासमोर बायका त्यांना गाठून कंबर दाखवतात, "एकच मिनिट गं." जिमला वर्षाचे पैसे एकरकमी मोजणारा माणूस कोचबाईंशी महिन्याच्या फीची घासाघीस करतो, कारण आपल्यातलीच आहे. विचारपूस फुकट असते, त्याचे कसले पैसे? ज्या फोनवर हा धंदा उभा आहे, ते फोन होतात रात्री साडेनवानंतर, ओटा पुसून, मुलाचा गृहपाठ बघून. एका कानाशी फोन, हातात पेन आणि समोर उघडी वही. स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ हॉलच्या फरशीवर बसते ती रोज पहाटे पुसल्याशिवाय मॅट टाकता येत नाहीत, ते कामही त्यांचंच. त्यांची स्वतःची पाठ कशी आहे, हे त्या हॉलमध्ये येणाऱ्यांपैकी कुणी विचारलेलं लेखकाने ऐकलं नाही. स्वतः त्याने एकदा विचारलं. त्या इतक्या गोंधळल्या की त्यांनी उत्तर म्हणून त्याचाच गुडघा विचारला.

यंदा त्यांनी फी वाढवली. गटावर एका ओळीत कळवलं, कारणं दिली नाहीत. दोघं-तिघं सोडून गेले. भजनी मंडळातल्या मैत्रिणींनी त्या दिवशी चहा आपल्या घरून आणला आणि वाढीव रक्कम पाकिटात घालून सासूबाईंच्या हातात दिली.

लेखकाने सवलतीचा शेवटचा प्रयत्न केला. "अगं, मी तुझ्यावर मासिकात लेख लिहितोय," त्याने कळवलं. "तुझी प्रसिद्धी होईल."

"अरे वा! किती वेळ लिहीत होता?"

"सकाळपासून," लेखकाने अभिमानाने लिहिलं.

"बसून?"

लेखकाने उत्तर दिलेलं नाही. फी मात्र भरली.