पेपरवेट खणात ठेवणारा

तालुक्याच्या कोर्टात नवरा-बायकोची भांडणं चालवणारा ज्युनियर तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. सनद नवी, काळा कोट त्याहून नवा आणि दहाव्याच्या घाटावरही शोभणार नाही असा विनोद सदैव जिभेवर. दोन्ही पक्ष समेटाला ऑफिसात येणार म्हटलं, की तो आधी टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून खणात टाकतो. मग स्टेपलर, मग पंचिंग मशीन. प्रत्येक प्रकरणाची प्रतवारी तो याच मापाने करतो. किरकोळ रुसवा असेल तर ‘पेपरवेट राहू दे’, मारहाण असेल तर ‘पेपरवेट खणात’ आणि सासूही येणार असेल तर ‘खणाला कुलूप’. लग्नाची पत्रिका हाती पडली तरी त्याचं आपलं सुरूच: ‘हिंदू विवाह कायद्याचं कलम 14 आहे, वर्षभर तरी घटस्फोटाला येता येणार नाही. तोवर पेपरवेट बाहेर.’ असल्या माणसाला पंगतीत शेजारी कोण बसवून घेईल?

तरीही माझं म्हणणं असं, की हा मुलगा वाह्यात नसून सावध आहे, आणि त्याच्या धंद्यात सुरक्षेचं जे काही साधन आहे ते हा वाह्यातपणाच. तारापूरच्या कारखान्यात निदान हेल्मेट मिळतं, कारण तिथे कायदा मालकाला जबाबदार धरतो. ज्युनियर कोणाचा नोकरच नाही, मग जबाबदार कोण? फौजदारी खटल्यातला कोठडीतला आरोपी निदान पोलिसांबरोबर येतो. ‘डीव्ही’च्या, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराच्या तारखेला मात्र नवरा, बायको आणि दोघांचे मामा एकाच व्हरांड्यात उभे असतात आणि संध्याकाळी एकाच एसटीने परततात. जानेवारी 2024 मध्ये राहुरीत एका वकील दांपत्याचा खून झाला आणि संशय अशिलावरच आला. तो वाद कौटुंबिक नव्हता, पण अशील म्हणजे आपलाच माणूस हा भ्रम त्याने सगळ्या बार रूममधून पुसून टाकला. अशा ठिकाणी ‘उद्या कुलूप बरं का’ एवढं एक वाक्य ऑफिसातल्या सगळ्यांना सावध करतं.

त्यातून पोरगा धाकट्या डहाणूचा असला, तर त्याच्या विनोदाला खारं वारं लागतं. पोटगीच्या अंतरिम अर्जाचा निकाल शक्यतो साठ दिवसांत लागावा असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 म्हणतं. पण ते साठ दिवस नोटीस बजावल्यापासून सुरू होतात. डहाणू-तलासरीचे कितीतरी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी असतात. नोटीस बजावायची कुठे, भर समुद्रात? म्हणून जून-जुलैच्या मासेमारी बंदीला तो ‘पोटगीचा हंगाम’ म्हणतो. बोट हद्द ओलांडून पाकिस्तानच्या ताब्यात गेली, तर समन्सवर शेरा काय मारायचा, हेही तो विचारून ठेवतो. वारली जोडपं आलं की त्याचं ठरलेलं वाक्य येतं: ‘घटस्फोटाचं कलम यांना लागू नाही, मारहाणीचं लागू.’ ऐकायला ओंगळ वाटतं, पण कायदा नेमका तसाच आहे. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा होतो.

कोणी म्हणेल, ही दुसऱ्याच्या दुःखाची चेष्टा झाली. तसं असतं तर मीही त्याला कोर्टाबाहेर काढा म्हटलं असतं. पण त्याचा टोला कुणाला बसतो ते पाहा: साठ दिवसांना, शेऱ्याला, कलमाला आणि स्वतःला. खेड्यातल्या ज्युनियरला महिना निदान 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवलं. सुचवलं, बंधनकारक केलं नाही. त्यावर याचं म्हणणं, ‘बायकांना पोटगी मिळवून देतो, माझी कुणाकडे मागू?’ अर्ज लिहायला आलेल्या बाईला मात्र तो कधी हसत नाही, हे नाइलाजाने कबूल करावं लागतं. तिला तलासरीच्या गाडीत बसवून देतो, नवरा मागच्या दाराने चढत नाही ना हे पाहत थांबतो, आणि सीनियरने विचारलं तर ‘चहाला गेलो होतो’ म्हणतो.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो: हसण्यावारी गेलेली भीती तक्रारीच्या कागदावर कधी उतरतच नाही. खरं आहे. वकिलांच्या संरक्षणाचा कायदा राजस्थानने 2023 मध्ये केला. राहुरीनंतर महाराष्ट्रातल्या वकिलांनीही तो मागितला. पण कायद्याला वेळ लागतो म्हणावं, तर सीनियरच्या ऑफिसला निसटण्यापुरतं दुसरं दार पाडायला कोणत्या विधेयकाची वाट पाहायची? ज्युनियर मुलींची अडचण तर आणखी वेगळी. मालक-नोकर नातं नसल्याने कामाच्या जागच्या लैंगिक छळाचा 2013 चा कायदा बार कौन्सिलकडच्या वकिलांविरुद्धच्या तक्रारींना लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलं. आणि त्यांना सांभाळून राहायचं असतं ते काही अशिलापासूनच नव्हे. दाराचा विषय निघाला की सीनियर एसीच्या बिलाकडे बोट दाखवतात, कुलपाच्या विनोदावर पोटभर हसतात आणि पुढच्या तारखेला बार रूममध्ये तोच विनोद स्वतःच्या नावावर सांगतात.